बाबांच्या जनुकांचा रिपोर्ट आहे, पण गोळी लिहिताना तो बघणार कोण?

मिरजमेल | शनि, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, विषय वैद्यकीय आहे आणि मी मेकॅनिकलवाला, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बाबांची (वय ६८) गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू झालं, जे सगळ्यांनाच होतं. मध्यंतरी भावाच्या कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये घरच्यांसाठी जनुकीय औषध-चाचणी स्वस्तात होती म्हणून बाबांचंही सँपल दिलं, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात तेवढंच. रिपोर्ट आला तो लग्नाच्या अल्बमएवढा जाड आणि तेवढाच रंगीत. त्यात क्लोपिडोग्रेलपुढे लाल रंगात: सीवायपी२सी१९ (हे जनुकाचं नाव), स्टार टू/स्टार टू (त्याचा बिघडलेला प्रकार), पुअर मेटाबोलायझर.

कार्डिओलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी नीट समजावलं की क्लोपिडोग्रेल गोळीत असतं तेव्हा ते 'झोपलेलं' असतं, लिव्हरमधलं हे एन्झाइम त्याला चालू करतं, आणि बाबांना आईवडील दोघांकडून मिळालेल्या दोन्ही कॉप्या बिघडलेल्या आहेत, म्हणजे गोळी रोज पोटात जाणार पण काम जवळपास शून्य. त्याच कामाची दुसरी गोळी, टिकाग्रेलॉर, लावलं. इथपर्यंत झकास.

काही महिन्यांनी बाबांना न्यूमोनिया झाला, दुसऱ्या हॉस्पिटलात ॲडमिट (नाव नको). मी जाताना रिपोर्ट घेऊनच गेलो, काउंटरवर स्कॅन करून घेतला, "सिस्टिमला चढवला सर" असंही सांगितलं. डिस्चार्जच्या दिवशी कार्ड वाचतो तर परत क्लोपिडोग्रेल! ड्युटीवरच्या डॉक्टरांचं म्हणणं, टिकाग्रेलॉरने काही जणांना दम लागल्यासारखं होतं, बाबांची तशी तक्रार होती म्हणून बदललं. आता हे कारण चूक नाही, तो साइड इफेक्ट खराच आहे. पण रिपोर्ट? तो सिस्टिममध्ये होता, 'इतर कागदपत्रे' नावाच्या फोल्डरमध्ये, आधार कार्ड आणि विम्याच्या कागदांच्या मध्ये. कुणी उघडलाच नव्हता. मग आमच्या कार्डिओलॉजिस्टनी प्रासुग्रेल ही तिसरी गोळी दिली आणि विषय मिटला.

तर माझा प्रश्न असा की डॉक्टरने क्लोपिडोग्रेल टाइप केल्याबरोबर कॉम्प्युटरनेच बोंब मारायला नको का? जगात कुठे हे होतं का? आणि आपल्या आभा कार्डात (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख) हे टाकता येतं का?

---

डॉ_भूल | रवि, सकाळी ७:१५

छान धागा. मी नांदेडकडे भूलतज्ज्ञ आहे, आणि तुम्ही ज्याला नवीन म्हणताय ते आमच्या धंद्यात फार जुनं आहे, फक्त कॉम्प्युटर नव्हता.

स्कोलीन (म्हणजे सक्सामेथोनियम) म्हणून एक इंजेक्शन आहे, श्वासनलिकेत नळी घालायच्या आधी स्नायू ढिले करायला देतो. चार-पाच मिनिटांत त्याचा असर उतरतो कारण रक्तातलं एक एन्झाइम त्याचे तुकडे करतं. ते एन्झाइम जन्मतःच ज्यांच्यात नसतं त्यांचा असर उतरतच नाही. ऑपरेशन संपलं, गॅस बंद केला, पेशंटने श्वास घ्यायला हवा आणि तो घेतच नाही. मग काही तास व्हेंटिलेटरवर ठेवून वाट बघायची. घाबरायचं नसतं, उपाय एवढाच की झोपेचं औषध चालू ठेवायचं, कारण बिचारा आतून जागा असू शकतो, फक्त हलता येत नाही. बाहेर नातेवाईक विचारतायत अजून शुद्धीवर का नाही, आणि तुम्ही नर्व्ह स्टिम्युलेटर मनगटाला लावून अंगठा हलतो का बघत बसलेले.

तर हा दोष आंध्र-तेलंगणातल्या वैश्य म्हणजे कोमटी समाजात इतरांपेक्षा खूपच जास्त सापडतो, कारण शतकानुशतकं लग्नं आपापसातच. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या गटाचा २०१७ चा पेपर आहे त्यात हे उदाहरण ठळक आहे. आमच्या मराठवाड्यात आर्य वैश्य मंडळी पुष्कळ, त्यामुळे इकडचे सीनियर भूलतज्ज्ञ प्री-ॲनेस्थेशिया चेकअपला आडनाव ऐकून हळूच विचारतात, घरात कुणाला ऑपरेशननंतर उशिरा जाग आली होती का? म्हणजे जात विचारून औषध ठरवणं. ऐकायला वाईट वाटतं आणि शास्त्र म्हणूनही ते ढोबळच, समाजातल्या बहुतेकांना काही नसतं आणि समाजाबाहेरच्याला असू शकतं. तपासणी याच्यापेक्षा केव्हाही बरी.

आता मुद्द्याचं. असा पेशंट सापडला की मी चिठ्ठी लिहून देतो, तीन भाषांत, "यांना सक्सामेथोनियम आणि मिवाक्युरियम देऊ नये" (दुसरंही त्याच एन्झाइमने उतरणारं औषध), सही शिक्का, आणि भावंडांनाही तपासायला सांगतो. ती चिठ्ठी पुढच्या ऑपरेशनला बरोबर येते का? सांगता येत नाही. तुमच्या फोल्डरचं आणि माझ्या चिठ्ठीचं दुखणं एकच.

---

रेवा_८८ | रवि, सकाळी ९:०३

वाखु (वाचनखूण) साठवली. डॉ_भूल, तो 'आतून जागा' वाला भाग वाचून अंगावर काटा आला हो.

---

कालव्याकाठी | रवि, दुपारी १:४०

नेदरलँड्समध्ये फार्मासिस्ट आहे, तर मिरजमेल दादांच्या "जगात कुठे होतं का" ला उत्तर: हो, इथे होतं, आणि बऱ्यापैकी कंटाळवाण्या पद्धतीने होतं, तेच त्याचं यश आहे.

इथे फार्मासिस्टांच्या संघटनेने २००५ मध्ये एक गट बसवला, डच फार्माकोजेनेटिक्स वर्किंग ग्रुप. त्यांनी एकेक जनुक आणि औषधाची जोडी घेऊन लिहून काढलं, हा प्रकार असेल तर डोस निम्मा, हा असेल तर औषधच बदला, हा असेल तर काहीच करू नका. आणि हे नुसतं मासिकात छापून सोडलं नाही, देशभरातली औषध दुकानं आणि फॅमिली डॉक्टर ज्या एका औषध-डेटाबेसवर चालतात त्यातच घातलं. त्यामुळे माझ्या स्क्रीनवर एखाद्याच्या नावापुढे जशी 'पेनिसिलिन ॲलर्जी' नोंद असते तशीच 'सीवायपी२सी१९ पुअर मेटाबोलायझर' अशी नोंद करता येते. पुढे कुणीही क्लोपिडोग्रेल लिहिलं की खिडकी उघडते, आणि त्यात नुसतं 'सावधान' नसतं, काय करायचं ते लिहिलेलं असतं. मी डॉक्टरला फोन करते, ते बदलून देतात, दोन मिनिटांचं काम.

पण इथेही सगळं गोड नाही. नोंद तेव्हाच होते जेव्हा कुणीतरी ती करतं. हॉस्पिटलने टेस्ट केली आणि पत्र फक्त फॅमिली डॉक्टरला गेलं तर माझ्याकडे ते येईलच असं नाही.

इथल्या लायडन विद्यापीठाच्या लोकांनी सात युरोपीय देशांत प्रिपेअर नावाची चाचणी केली, २०२३ च्या फेब्रुवारीत लॅन्सेटमध्ये आली. ६,९४४ पेशंट, १२ जनुकांचं पॅनल (एकत्र तपासणी) आधीच करून ठेवलं. ज्यांच्या रिपोर्टवरून काही बदल करण्याजोगं होतं त्यांच्यात त्रासदायक साइड इफेक्ट २७.७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. आणि पेशंटना पाकिटात ठेवायचं एक प्लास्टिक कार्ड दिलं होतं, क्यूआर कोडवालं, कारण त्यांनाही माहीत होतं की देश बदलला की सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलत नाहीत.

---

तिरकस | रवि, दुपारी २:२५

आलाच शेवटी लॅन्सेट. ताई, त्या चाचणीत पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही माहीत होतं कोण कुठल्या गटात आहे. आणि सगळे पेशंट एकत्र धरले, म्हणजे ज्यांच्या रिपोर्टमध्ये करण्यासारखं काहीच नव्हतं तेही, तरी फरक जवळपास तेवढाच, २८.६ वरून २१.५. मग जनुकांनी काम केलं की खिशातल्या कार्डाने दिलेल्या धीराने? हे मी नाही म्हणत, पेपर आल्यावर बऱ्याच जाणत्यांनी हेच विचारलं.

दुसरं, धागाकर्त्याचा रिपोर्ट जाडजूड का आला? कारण एक जनुक तपासून पैसे मिळत नाहीत. मी माझ्या मेव्हण्याचा बघितलाय, त्यात औषधांची पानं कमी आणि 'तुम्हाला कॉफी झेपेल का, तुम्ही धावपटू व्हाल का' हेच जास्त. कामाचं पान शोधायला डॉक्टरने बसायचं कधी, ओपीडीत बाहेर चाळीस नंबर लागलेले असताना?

---

कालव्याकाठी | रवि, दुपारी ३:१०

@तिरकस, आकडे बरोबर आहेत तुमचे, आणि शंका रास्त आहे. त्या एकट्या चाचणीवर मी सगळा डोलारा उभा करणार नाही. पण क्लोपिडोग्रेल, कार्बामाझेपिन (फिट्सचं), ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं), ५-एफयू (कॅन्सरचं) या औषधांसाठी पुरावा त्या चाचणीच्या आधीचा आहे आणि स्वतंत्र आहे. डोळे झाकून पॅनल करा असं म्हणत नाहीये, ठरावीक औषधांसाठी म्हणतेय.

---

ह्यूस्टनचा_बंडू | रवि, रात्री ८:३३ (आमच्याकडे सकाळ)

मी हॉस्पिटलांच्या रेकॉर्ड सिस्टिम बसवायचं काम करतो, त्यामुळे 'कॉम्प्युटरने बोंब का मारली नाही' हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, जरा लांबण लागेल.

कॉम्प्युटर पीडीएफ वाचत नाही (आता एआय वाचेल वगैरे ठीक, पण औषध लिहिण्याच्या त्या क्षणाला त्यावर भरवसा ठेवायला अजून कुणी तयार नाही). त्याला पाहिजे रकान्यात भरलेली माहिती. जनुक हे, स्टार हे, त्याचा अर्थ पुअर मेटाबोलायझर. मग नियम लावता येतो की रकान्यात हे असेल आणि ऑर्डर त्या औषधाची असेल तर थांबव. अमेरिकेत टेनेसीमधल्या व्हँडरबिल्ट हॉस्पिटलने हे २०१० मध्ये चालू केलं, पहिलं औषध क्लोपिडोग्रेलच, त्याच वर्षी एफडीएने (अमेरिकेचं औषध नियामक खातं) त्याच्या लेबलवर काळ्या चौकटीतली वॉर्निंग टाकली होती. मेम्फिसचं सेंट ज्यूड, कॅन्सरच्या पोरांचं हॉस्पिटल, त्यांनी २०११ पासून पोरगं दाखल झालं की आधीच तपासून ठेवायचं आणि रेकॉर्डमध्ये जन्मभरासाठी घालायचं असं सुरू केलं. औषध लागेल तेव्हा तपासू म्हटलं तर रिपोर्ट येईपर्यंत पेशंट घरी गेलेला असतो, आणि स्टेंटच्या बाबतीत तर पहिले काही आठवडेच सगळ्यात धोक्याचे.

आता आतल्या गोष्टी, ज्या कुणी ब्रोशरमध्ये लिहीत नाही.

एक तर पॉपअपचा कंटाळा. डॉक्टरला दिवसभर खिडक्या उघडतात, ही गोळी त्या गोळीबरोबर नको, किडनीचा आकडा जुना आहे, अमुक फॉर्म भरा. हात आपोआप 'ओके' वर जातो. म्हणून आम्ही जनुकांची खिडकी फक्त लाल प्रकरणांपुरती ठेवतो आणि त्यात पर्यायी औषधाचं बटण देतो, एका क्लिकमध्ये बदलता आलं पाहिजे. ज्या खिडकीत नुसता उपदेश असतो ती कुणी वाचत नाही.

दुसरं हे नीट वाचा, भारतीयांच्या कामाचं आहे. रिपोर्टवर 'स्टार वन/स्टार वन, नॉर्मल' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ 'सगळं तपासलं आणि ठीक निघालं' असा नसतो. अर्थ असा की आम्ही जेवढे बिघाड शोधले त्यातला एकही सापडला नाही. पॅनल युरोपियन लोकांवरून बनवलेलं असेल तर आपल्याकडचा बिघाड त्याने शोधलेलाच नसतो आणि रेकॉर्डमध्ये ठणठणीत 'नॉर्मल' बसतं. कॉम्प्युटर गप्प बसतो आणि डॉक्टरला वाटतं हिरवा सिग्नल आहे.

तिसरं, जन्मभर टिकणारा रिपोर्ट म्हणतात पण लिव्हर ट्रान्सप्लांट झालं की औषध पचवणारं एन्झाइम दात्याच्या जनुकांवर चालतं, आणि बोन मॅरो बदलला तर रक्तातून केलेली टेस्ट दात्याचीच जनुकं दाखवते. सिस्टिमला हे कुणी सांगितलं नसेल तर ती जुन्यावरच ओरडत राहते.

रच्याकने (म्हणजे जाता जाता), बाबांना ॲसिडिटीची गोळी कुठली चालू होती? ओमेप्राझोल हे त्याच एन्झाइमला अडवतं. ज्याची जनुकं धडधाकट आहेत तोही ओमेप्राझोलवर अर्धवट बिघडलेल्यासारखा वागू शकतो, म्हणून क्लोपिडोग्रेलबरोबर ते टाळायला सांगतात, पँटोप्राझोल त्या मानाने बरं. जनुकं म्हणजे अर्धीच गोष्ट, बाकीची अर्धी औषधांच्या यादीत असते, आणि दोन्ही एकाच स्क्रीनवर असतील तरच उपयोग.

---

केमिस्टकाका | रवि, रात्री ९:२०

सगळं वाचलं. माझं तालुक्याच्या गावी दुकान आहे, तीस वर्षं झाली काउंटरला. तुमच्या खिडक्या कुठं उघडणार ते मी सांगतो.

माझ्याकडं सॉफ्टवेअर आहे, पण ते बिलाचं. बॅच नंबर, एक्सपायरी, जीएसटी, कुठल्या होलसेलरकडं कसली स्कीम आहे. पेशंटच्या नावानं काय ठेवत नाही. गिऱ्हाईक येतंय ते रिकामी स्ट्रिप घेऊन, "काका ही द्या, दोन पत्ते". कधी पोरगं येतंय मोबाईलवर फोटो घेऊन, फोटोत अंगठा. डॉक्टरची चिठ्ठी आली तरी त्यावर वय नसतंय, पत्ता नसतंय. मी जुन्या गिऱ्हाईकांचं डोक्यात ठेवतो, कुणाला सल्फा चालत नाही, कुणाला कसली पुरळ आली होती. मी गावाला गेलो की पोरगा बसतो, त्याच्या डोक्यात नाही ते.

नेदरलँडच्या ताई डॉक्टरला फोन करतात म्हणाल्या. आमच्याकडं मी फोन केला तर दहातले आठ डॉक्टर म्हणतील लिहिलंय ते द्या. दोन ऐकून घेतील. त्या दोघांसाठी फोन करावा असं माझं मत आहे.

---

डॉ_खाज | रवि, रात्री १०:०५

त्वचारोग. मला या सगळ्यात एकच औषध महत्त्वाचं वाटतं ते सांगून जातो, कार्बामाझेपिन. फिट्सला देतात, आणि चेहऱ्याच्या नसेच्या त्या भयंकर कळांनाही देतात, म्हणजे वापर भरपूर.

एचएलए-बी*१५:०२ हा जनुकाचा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांच्यात या औषधाने स्टीव्हन्स-जॉन्सन (कातडी सोलवटणारी जीवघेणी ॲलर्जी) होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. सुरुवात साध्या तापासारखी होते, घसा दुखतो, डोळे चुरचुरतात, मग ओठ सोलवटतात, तोंडात फोड, छातीवर गडद डाग, आणि कातडी हात लावला की निसटते, भाजलेल्या पेशंटसारखी. सहसा औषध चालू केल्यापासून पहिल्या दोन-तीन महिन्यांतच. आमच्या वॉर्डात असा पेशंट केळीच्या पानावर झोपवतात, चादर चिकटते म्हणून. जो एकदा बघतो तो विसरत नाही.

एफडीएने २००७ मध्येच सांगितलं की आशियाई वंशाच्या पेशंटची हे औषध चालू करण्याआधी टेस्ट करा. सिंगापूरने २०१३ पासून पहिल्यांदा कार्बामाझेपिन घेणाऱ्या आशियाई पेशंटसाठी ती नेहमीचीच केली, तिथे भारतीय वंशाचेही आले. आपल्याकडे अजूनही बहुतेक ठिकाणी थेट गोळी. हा प्रकार भारतात चीन-थायलंडपेक्षा कमी आढळतो हे खरं, त्यामुळे सरसकट टेस्टवर वाद आहे. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून पुरळ येणारच नाही असंही नाही, दुसरे एचएलए प्रकार आहेत. पण पॉझिटिव्ह आली असेल तर ते रेकॉर्डमध्ये अशा ठिकाणी हवं की न्यूरो, दंतवैद्य, फॅमिली डॉक्टर सगळ्यांच्या नजरेला पडेल. दंतवैद्य का, तर दाढदुखी समजून चेहऱ्याच्या नसेचा पेशंट आधी त्यांच्याकडेच जातो.

---

रेवा_८८ | रवि, रात्री ११:३०

आता मलाही लिहावंसं वाटतंय. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज, जखमा) आहे. ॲझाथायोप्रिन चालू केलं आणि काही आठवड्यांतच केस जायला लागले, गळणं म्हणजे वेणी घालताना बट हातात यावी असं. मला वाटलं टेन्शनने. मग ताप, रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी पार तळाला. ॲडमिट, वेगळी खोली, सगळ्यांना मास्क. नंतर एका सीनियर मॅडमनी एनयूडीटी१५ या जनुकाची टेस्ट करायला लावली, दोन्ही कॉप्या बिघडलेल्या निघाल्या. त्या म्हणाल्या केस अचानक जाणं आणि पेशी पडणं एकत्र दिसलं की हेच डोक्यात आलं पाहिजे. आधी टीपीएमटी या दुसऱ्या जनुकाची टेस्ट झाली होती माझी, ती 'नॉर्मल' होती! बंडूदादांनी लिहिलंय ना ते अगदी हेच.

आता बदलीमुळे बंगळूरला आलोय. नवीन हॉस्पिटलात ॲप आहे, सगळं डिजिटल, ॲलर्जीच्या रकान्यात 'अन्न, औषध, इतर' असे तीनच पर्याय. मी 'औषध' मध्ये ॲझाथायोप्रिन टाकलं. ॲलर्जी नाहीये ती, मला माहितेय, पण तो एकच रकाना डॉक्टर बघतात. ६-मर्कॅप्टोप्युरिन पण लिहून घ्यायला लावलं, कारण ॲझाथायोप्रिनचं शरीरात तेच होतं.

---

ह्यूस्टनचा_बंडू | सोम, पहाटे ५:५०

@रेवा, इकडे प्रोटोकॉलवाले नाक मुरडतील पण मी म्हणेन शंभर टक्के बरोबर केलंस. एनयूडीटी१५ चं नाव या औषधाशी जोडलं गेलं ते २०१४ च्या कोरियन अभ्यासाने, तोवर सगळे टीपीएमटीच बघत होते कारण युरोपात तेच जास्त बिघडलेलं सापडतं. आशियात उलट.

आणि हेच क्लोपिडोग्रेलचं. पूर्व लंडनमधल्या पाकिस्तानी-बांगलादेशी वंशाच्या लोकांच्या मोठ्या अभ्यासात ५७ टक्के लोकांमध्ये एक तरी कॉपी बिघडलेली निघाली. ब्रिटनच्या नाइसने (उपचारांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) जुलै २०२४ मध्ये पक्षाघातानंतर क्लोपिडोग्रेल देताना ही टेस्ट करा असं सांगितलं. हवाई राज्याने तर औषध कंपन्यांना कोर्टात खेचलं, की आमच्याकडे आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरचे लोक इतके, त्यांना हे औषध नीट लागू पडत नाही हे लपवलंत, २०२४ मध्ये ९१६ दशलक्ष डॉलरचा दंड झाला.

---

गडचिरोलीतला_एमओ | सोम, दुपारी १२:१५

रेंज आहे तोवर टाकतो. आमच्याकडे मलेरिया. व्हायव्हॅक्स जातीचा निघाला की प्रायमाक्विन १४ दिवस, लिव्हरमध्ये लपलेला जंतू मारायला. जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) जन्मतः कमी असेल तर याच गोळीने तांबड्या पेशी फुटतात. मुंबईत पारशी लोकांत हा दोष जास्त म्हणून सगळ्यांना माहीत असतो, पण आदिवासी भागातही सापडतो आणि इथे ताप आला त्या घरी टेस्ट किट असेलच असं नाही. म्हणून आशाताई काय सांगते, "लघवी काळ्या चहासारखी झाली की गोळी बंद कर आणि लगेच मला सांग". हीच आमची डिसिजन सपोर्ट सिस्टिम, तुमच्या त्या बोंब मारणाऱ्या कॉम्प्युटरच्या जागी.

ज्याची टेस्ट होते त्याचं रजिस्टरला लाल पेनने लिहितो. पुढच्या पावसाळ्यात त्याला परत ताप आला आणि तो दुसऱ्या उपकेंद्रात गेला तर ते रजिस्टर तिथे नसतं. डिजिटल रेकॉर्डचा सगळ्यात जास्त फायदा पुण्यापेक्षा इथे आहे.

---

तिरकस | सोम, दुपारी १:००

एमओ साहेब, सलाम. तुमच्यापुढे तिरकस बोलवत नाही.

पण बाकीच्यांना विचारतो, आभात सगळं जोडायच्या उत्साहात हे कुणाच्या हातात जाईल याचा विचार केलाय का? रक्तातली साखर उद्या बदलेल, जनुकं बदलत नाहीत, आणि ती तुमच्या एकट्याची नसतात, पोराबाळांची पण अर्धी त्यात असतात. अमेरिकेतल्या ट्वेन्टीथ्री-अँड-मी या जनुक-चाचणी कंपनीचा डेटा २०२३ ला फुटला आणि २०२५ ला कंपनीनेच दिवाळखोरी मागितली, लोक धावत होते डेटा डिलीट करायला. तिकडे निदान जनुकांवरून भेदभाव रोखणारा २००८ चा कायदा आहे, तोही आयुर्विम्याला लागू नाही. आपल्याकडे दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये आरोग्य विम्यात 'जनुकीय आजार' सरसकट वगळणं भेदभाव आहे म्हटलं आणि विमा नियामक इर्डाने कंपन्यांना तसं कळवलं, पण जनुकीय माहितीसाठी वेगळा कायदा नाही.

---

कालव्याकाठी | सोम, दुपारी ३:४५

@तिरकस, हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच इथे अख्खा जनुकीय डेटा दुकानात येत नाही. माझ्या स्क्रीनवर फक्त निष्कर्ष असतो, 'हे औषध, हा प्रकार'. क्लोपिडोग्रेल चालत नाही एवढ्यावरून विमा कंपनीला कुणाच्या भविष्याबद्दल फारसं काही कळत नाही. कॅन्सरच्या जनुकांचा रिपोर्ट आणि औषधांचा रिपोर्ट एकाच फाईलमध्ये देणाऱ्या लॅबकडून टेस्ट करू नये असं माझं मत. दोन्ही वेगळे मागा.

---

ह्यूस्टनचा_बंडू | सोम, रात्री ७:५५

आभाबद्दल मिरजमेलने विचारलं होतं ते राहिलं. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ च्या सप्टेंबरात देशभर चालू झालं, आभा म्हणजे त्यातला १४ आकडी नंबर. माहिती एका ठिकाणी साठत नाही, ज्या लॅबची त्या लॅबकडे राहते, तुमच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दिसते. त्यामुळे लॅब जोडलेली असेल तर बाबांचा रिपोर्ट आभातून दिसू शकतो. पण तो दिसणार पीडीएफ म्हणूनच, आणि डॉक्टरने उघडला तरच. पहिल्या पोस्टमधला फोल्डर हॉस्पिटलातून मोबाईलमध्ये आला एवढाच फरक.

चांगली बातमी ही की पाया हळूहळू पडतोय. जीनोमइंडियाने १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले, जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुला केला. आपल्या लोकांसाठी पॅनलमध्ये काय काय शोधायचं ते त्यातून ठरवता येईल. पण पॅनल कितीही चांगलं झालं तरी केमिस्टकाकांच्या बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंटच्या नावापुढे एक रकाना येत नाही तोवर गाडी तिथेच अडणार.

---

डॉ_भूल | सोम, रात्री ९:१०

तोवर काय करायचं ते सांगतो, कारण मिरजमेल यांना उद्या उपयोग हवाय. जाड रिपोर्ट घरी ठेवा. कार्डिओलॉजिस्टकडून त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी घ्या:

"सीवायपी२सी१९ पुअर मेटाबोलायझर. क्लोपिडोग्रेल देऊ नये. सध्या प्रासुग्रेल चालू, बदलायचं असल्यास या नंबरवर विचारावे." खाली टेस्टची तारीख आणि लॅबचं नाव.

त्याची झेरॉक्स फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवा, एक बाबांच्या पाकिटात, एक फोटो आईच्या मोबाईलमध्ये. ॲडमिट करताना स्कॅनला देऊ नका, आयपीडी (ॲडमिट पेशंटच्या) फाईलवर जिथे 'ड्रग ॲलर्जी' लिहितात तिथे नर्सकडून लाल पेनने लिहून घ्या आणि लिहीपर्यंत तिथेच उभे राहा. औषध देताना सिस्टर ते पान बघतेच. आणि हो, त्याच जनुकावर एस्सिटालोप्रॅमसारखी नैराश्याची काही औषधंही चालतात, पुढे कधी लागली तर हा कागद तिथेही दाखवा, तिथे उलटा प्रकार होतो, औषध साठत जातं.

---

मिरजमेल | सोम, रात्री ९:४०

डॉक्टरसाहेब दंडवत. उद्याच लेटरहेड घेतो. केमिस्टकाका, आमच्या गल्लीतल्या दुकानात पण एक कॉपी देऊन ठेवू का? ओमेप्राझोलचं विचारलं होतं, बाबांना पँटोप्राझोलच आहे, बघितलं.

---

केमिस्टकाका | सोम, रात्री १०:०२

द्या की. काउंटरच्या काचेखाली लावतील. माझ्याकडं तशा तीन आहेत.

---

शांता_अत्या | सोम, रात्री ११:१८

सगळं वाचून घाबरले आहे. यजमानांना स्टेंट बसून पाच महिने झाले, क्लोपिडोग्रेलच चालू आहे, टेस्ट काही केलेली नाही. आजची रात्रीची गोळी देऊ की नको?

---

डॉ_भूल | सोम, रात्री ११:२१

अत्या, द्या. आत्ता द्या. या धाग्यावरून एकही गोळी बंद करायची नाही, स्टेंट असताना अचानक बंद करणं हे जनुकांपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे. बहुतेकांमध्ये या गोळीचा उपयोग होतोच. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना टेस्टबद्दल विचारा, तोवर एकही डोस चुकवू नका.

---

शांता_अत्या | सोम, रात्री ११:२६

दिली.